निर्णय एकच, पण कारण कोणाचं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात लातूरहून आपाचा फोन आला. आमच्या घरात दखनी बोलली जाते. आपा म्हणाली, "तूच समजा रे उसको, मेरी तो सुनतीच नै." 'उसको' म्हणजे तिच्या धाकट्या मुलीला, माझ्या भाचीला. पोरीने काही गुन्हा केला नव्हता. तिला एकाच वेळी दोन ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, एवढंच.

भाचीने सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली आणि फेब्रुवारीत गेट परीक्षा दिली. त्या गुणांवर आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या केंद्रात, म्हणजे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या विभागात, दोन वर्षांच्या एम.टेक.ची ऑफर आली. त्याआधीच जर्मनीतल्या स्टुटगार्ट विद्यापीठाचं पत्र आलं होतं. अभ्यासक्रमाचं नाव 'वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट'. तोही दोन वर्षांचा, इंग्रजीतून शिकवला जाणारा.

दोन्ही अभ्यासक्रम पाण्याचे. पाणीच का, हे लातूरकराला सांगावं लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. भाची तेव्हा सातवीत होती. शाळेतून आल्यावर घागरी घेऊन रांगेत उभं राहणं हे तिचं त्या वर्षीचं मुख्य काम होतं. ज्या मुलीने रांगेत उभं राहून पाणी मोजलं, तिने पुढे पाण्याचंच शास्त्र शिकायचं ठरवलं, यात मला नवल वाटलं नाही.

आयआयटीचे एम.टेक.चे प्रवेश 'कोॲप' नावाच्या एका सामाईक पोर्टलवरून होतात. फेरी लागली, ऑफर आली की थोड्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वीकारून मोकळं व्हायचं, हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहायची किंवा नाकारायचं. घरात चर्चा व्हायला महिना मिळत नाही. मी सोलापूरहून एसटी पकडली आणि दुपारी लातूरला पोचलो.

घरात पाऊल ठेवलं तेव्हा निकाल लागलेलाच होता. सगळ्यांचं एकमत होतं: पवई. फक्त जिला जायचं होतं ती गप्प होती.

प्रत्येकाचं कारण मात्र वेगळं होतं. आपाचं म्हणणं, मुंबई रात्रीच्या गाडीवर आहे, दिवाळी-ईदला पोरगी घरी येईल. दादीचं म्हणणं, परदेशात राहिलेल्या मुलीला स्थळ कुठून आणायचं? दुल्हेभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांनी हिशेब मांडला होता आणि त्यांना बँकेचं कर्ज, म्हणजे व्याज, नको होतं. आणि मी? मी तर एसटीत बसल्यापासून पवईच्या बाजूनेच मुद्दे जुळवत होतो. माझ्याही कारणाचा त्या मुलीशी काही संबंध नव्हता. तो संबंध १९९३ शी होता.

त्या वर्षी मीही गेट दिली होती आणि पवईला जाण्याइतके गुण मिळवले होते. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगली होऊन सहा महिनेही झाले नव्हते, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. अब्बांनी वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, जवळ कुठे मिळतं का बघ. मी घरापासून चार तासांवरच्या एका कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला नाव घातलं. अब्बांना मी आजही दोष देत नाही. त्या वर्षी मुंबईला मुलगा पाठवायला कितीतरी बाप कचरले असतील. पण प्रवेश घेताना त्या कॉलेजात काय शिकवतात, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. जवळ आहे, हीच त्याची पात्रता.

मग ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्ही मुलं मदतीला गेलो, ढिगारे उपसले. परत आल्यावर मी माझ्याच विषयाची पुस्तकं उघडली. भूकंपात इमारत कशी वागते, यावर आमच्या अख्ख्या अभ्यासक्रमात एकच प्रकरण होतं आणि तेही शिक्षक 'वाचून घ्या' म्हणून सोडत. माझ्याच जिल्ह्यातली घरं का पडली, हे मला माझ्या पदव्युत्तर शिक्षणाने सांगितलं नाही. ते मी पुढे नोकरीत, स्वतः वाचून शिकलो.

तेव्हापासून पवई माझ्या मनात राहिलेली. आता भाचीच्या रूपाने ती मिळणार, या आनंदात मी तिला अर्धा तास भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मामू, हे ॲडमिशन तुमचं आहे की माझं?"

मला उत्तर देता आलं नाही.

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आपल्या समाजात मुलींना शिकू द्यावं की नाही हा वाद बराच मागे पडला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण 'शिकू देणं' आणि 'ठरवू देणं' यांत अंतर आहे. दारात दोन चांगले पर्याय उभे राहिले की ते अंतर दिसतं. एकच पर्याय असतो तेव्हा घर हो किंवा नाही म्हणतं. दोन असले की घर स्वतःच निवडून टाकतं आणि त्याला 'तिच्या भल्यासाठी' असं नाव देतं. तिचा मोठा भाऊ बाविसाव्या वर्षी शारजाला नोकरीला गेला तेव्हा रात्रीच्या गाडीचं अंतर कुणी मोजलं नव्हतं. त्याच्या स्थळाची चिंताही कुणी केली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर वही घेऊन बसलो. मी एकच अट घातली: मी फक्त प्रश्न विचारेन, उत्तरं तिने शोधायची. चार प्रश्न काढले. ज्यांच्या घरात अशी वेळ येईल त्यांच्या उपयोगाचे आहेत म्हणून इथे देतो.

पहिला प्रश्न: या दोन वर्षांत मी नेमकं काय करणार आहे?

आपण संस्थेचं नाव विचारतो. आयआयटी म्हटलं की मान डोलावतो, जर्मनी म्हटलं की भुवया उंचावतो. पण पदव्युत्तर शिक्षणात नावापेक्षा दुसरं वर्ष महत्त्वाचं. प्रबंध कशावर, मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळेत काय आहे, आधीच्या मुलांनी काय काम केलं. भाचीने दोन्हीकडच्या शिक्षकांचे संशोधन-विषय वाचले, जुन्या प्रबंधांचे सारांश काढले आणि दोन्हीकडे शिकणाऱ्या एकेका मुलीला गाठून फोनवर बोलली.

चित्र स्पष्ट झालं. स्टुटगार्टला भूजलाच्या गणिती प्रतिमानांचं काम फार वरच्या दर्जाचं आहे. दूषित झालेली जमीन आणि भूजल स्वच्छ करण्याच्या प्रयोगांसाठी 'वेगास' नावाची मोठी प्रयोगशाळा तिथे आहे. जलशास्त्र, जलविद्युत-बांधकाम, भूजल, सगळ्याचा पाया पक्का होतो. पवईच्या 'सितारा'त गणित आहे, पण काम गावातून सुरू होतं. विद्यार्थ्यांना गावात राहून क्षेत्रकार्य करावं लागतं. मराठवाडा-विदर्भातल्या गावांसाठी राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला आपण 'पोकरा' म्हणतो, गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडण्याच्या कामात आयआयटी मुंबईचा हात होता. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांनी किती घेतला आणि उरलं किती, हा तो हिशेब. आपल्याकडचा काळा कातळ सच्छिद्र नाही, पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांतच साठतं. म्हणून इथला हिशेब गाळाच्या मैदानी प्रदेशासारखा करून चालत नाही.

म्हणजे एकीकडे साधनं अधिक चांगली, दुसरीकडे प्रश्न घरचा. यात चांगलं-वाईट असं काही नाही. कोण कशासाठी शिकतो आहे, यावर ते ठरतं. हे ती ठरवणार. मी नाही, आपाही नाही.

दुसरा प्रश्न: पैसा कुठून येणार आणि तो कोणाच्या डोक्यावर राहणार?

एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्याबदल्यात आठवड्याला आठ तास शिकवण्यातली किंवा प्रयोगशाळेतली मदत करायची असते. २४ महिने धरले तर २ लाख ९७ हजार ६०० रुपये होतात. फी, वसतिगृह, मेस यांत घरून थोडी भर घालावी लागते, पण कर्ज काढावं लागत नाही.

जर्मनीत शिक्षण फुकट, असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही, हे खरं. पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. चार सत्रांचे ६,००० युरो. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. महिन्याला त्यातले ९९२ युरो काढता येतात. शिवाय कागदपत्रांच्या तपासणीचं एपीएस प्रमाणपत्र, विमान, विमा. त्या आठवड्याच्या युरोच्या भावाने दोन वर्षांचा हिशेब ३० लाखांच्या आसपास गेला. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यातून काही निघतं, पण बंद खात्यातली रक्कम जाण्याआधीच उभी करावी लागते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. तारण म्हणजे दुल्हेभाईंचं दुकान किंवा आपाच्या नावावरचा प्लॉट.

अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना होती. २०२२-२३ पासून ती बंद झाली. सुरू असती तर या वहीतला एक आकडा बदलला असता. धोरणं दिल्लीत बदलतात आणि त्यांचे आकडे असे लातूरच्या गच्चीवर येऊन पडतात. नागरिक म्हणून आपण हे मागत राहिलं पाहिजे, पण हातातला निर्णय तेवढ्यासाठी थांबत नाही.

तिसरा प्रश्न: मी राहणार कुठे आणि कोणाबरोबर?

हा प्रश्न आपल्या मुलामुलींसाठी बारीक नाही. मोठ्या शहरात भाड्याची खोली शोधताना फोनवर 'आहे' म्हणणारा मालक नाव ऐकल्यावर 'आत्ताच गेली' म्हणतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांच्या गाठीशी आहे. त्यामुळे संस्थेच्या आवारात वसतिगृह आहे का, याला गुण द्यावेच लागतात. जर्मनीतही विद्यार्थी-वसतिगृहांसाठी प्रतीक्षायादी असते आणि शहरात खोली मिळणं जिकिरीचं असतं. तिथे शिकणाऱ्या मुलीने भाचीला स्पष्ट सांगितलं: प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी खोलीसाठी अर्ज कर. 'सुरक्षितता' हा शब्द घरातली मोठी माणसं एखाद्या ठिकाणी जाऊ न देण्यासाठी वापरतात. तिने तो खोली, रात्रीची बस, आजारपणातला डॉक्टर अशा विचारता येण्याजोग्या गोष्टींत मोडून घेतला. भीतीचे असे तुकडे केले की त्यातले निम्मे सोडवता येतात.

चौथा प्रश्न: निर्णय चुकला तर परत फिरता येईल का?

गेटचे गुण तीन वर्षं चालतात. म्हणजे आज पवई नाकारली तरी पुढच्या वर्षी त्याच गुणांवर अर्ज करता येतो, अर्थात जागा मिळेलच असं नाही. जर्मनीला आज नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, पण दार बंद होत नाही. डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांच्या शिष्यवृत्त्या किमान दोन वर्षं कामाचा अनुभव असलेल्यांसाठी आहेत. जर्मनीतल्या डॉक्टरेटच्या जागा बहुतेक पगारी असतात. उलट, कर्ज काढून गेल्यावर सहा महिन्यांत 'हे माझं काम नाही' असं वाटलं, तर परत फिरणं फार महाग पडतं. शिकून झाल्यावर तिथे नोकरी शोधायला दीड वर्षाची मुदत मिळते, ही जमेची बाजू. पण पाणीपुरवठ्याचं आणि बांधकामाचं काम तिथल्या नगरपालिकांशी, तिथल्या लोकांशी बोलून करायचं असतं. त्याला चांगली जर्मन लागते. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून नोकरीही इंग्रजीत मिळेल, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो.

आता व्याजाबद्दल. दुल्हेभाईंच्या भावनेचा मी मान राखतो. मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही आणि व्याज कोणतं व कोणत्या कारणासाठी, यावर जाणकारांतही मतं वेगळी आहेत. मी फक्त एक निरीक्षण त्यांच्यासमोर ठेवलं. आपल्याच मोहल्ल्यात घरासाठी कर्ज निघतं, टेम्पोसाठी निघतं, दुकानाच्या मालासाठी निघतं. तेव्हा अडचण 'मजबुरी' ठरते. लग्नात मंडप, जेवण आणि सोनं मिळून दहा-बारा लाख एका आठवड्यात जातात, तेव्हा ते कुठून आले हे कुणी विचारत नाही. मुलीच्या शिक्षणाचा कागद समोर आला की मात्र तत्त्व आठवतं. तत्त्व असेल तर ते सगळीकडे एकसारखं लागू व्हावं. नाहीतर ते तत्त्व नव्हे, सोय आहे. दुल्हेभाई बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिने जर्मनी म्हटलं तर प्लॉटचे कागद मी काढतो. पण ती म्हणाली पाहिजे." मला वाटतं, त्या घरातला निर्णय खरा त्या क्षणी झाला. पुढचं सगळं तपशिलाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने सांगितलं: पवई.

आपाच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. भाचीने ते तिथेच थांबवलं. ती म्हणाली, "जवळ आहे म्हणून नाही. मला आधी आपल्या कातळातलं पाणी समजून घ्यायचं आहे. गणित कमी पडलं तर डॉक्टरेटला बाहेर जाईन, तेव्हा पगार घेऊन जाईन, प्लॉट देऊन नाही. आणि दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही." पोर्टलवर तिने स्वतःच्या हाताने 'अ‍ॅक्सेप्ट अँड फ्रीज'वर क्लिक केलं आणि स्टुटगार्टला आभाराचं आणि नकाराचं पत्र लिहिलं.

कुणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? घराने जे ठरवलं होतं तेच तर झालं.

तसं नाही. घराने पवई भीतीपोटी निवडली होती, तिने ती कामासाठी निवडली. कागदावर नाव एकच, पण या दोन निवडी वेगवेगळ्या आहेत. पहिल्या सत्रात गणित डोक्यावरून जाईल, एखाद्या गावात सरपंच दाद देणार नाही, एखादा मित्र परदेशातले फोटो पाठवेल, तेव्हा हा फरक उपयोगी पडेल. दुसऱ्याच्या कारणाने गेलेला माणूस त्या दिवशी दुसऱ्याला दोष देतो. मी तीस वर्षं तेच केलं आहे. स्वतःच्या कारणाने गेलेला माणूस वही उघडून कारण पुन्हा तपासतो आणि लागलं तर बदलतो.

आणि समजा तिने जर्मनी म्हटलं असतं, तर? तर मी जामीनदार म्हणून सही केली असती. हे लिहिणं सोपं आहे, हे मला कळतं. पण त्या रात्री मी पासबुक खरोखर काढून पाहिलं होतं.

आता थोडं घराबाहेरचं. आमच्या लातूरने बारावीचा 'पॅटर्न' देशाला शिकवला. कोणत्या क्लासला जायचं, कोणती टेस्ट सिरीज लावायची, हे इथे पानवालाही सांगतो. पण पदवीनंतर काय, कुठे, कशासाठी, हे सांगणारं माणूस गल्लीत सापडत नाही. आपल्या समाजात तर त्याहून कमी. सच्चर समितीने २००६ साली नोंदवलं होतं की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पन्नासात एक मुस्लिम आहे. याची कारणं गरिबीत आहेत, भेदभावात आहेत, शाळांच्या दर्जात आहेत आणि त्यांबद्दल शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण काही कारणं आपल्या बैठकीच्या खोलीतही आहेत. तिथपर्यंत पोचलेली एखादी मुलगी केवळ विचारायला कुणी नाही म्हणून, किंवा घराने तिच्या आधी उत्तर देऊन टाकलं म्हणून, जागा सोडते. त्या जागेचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही.

म्हणून माझी सूचना लहान आहे. आपल्या गावात, मोहल्ल्यात, जमातीत गेल्या पाच वर्षांत ज्या मुलामुलींनी पदव्युत्तर प्रवेश घेतला आहे, त्यांची नावं आणि फोन नंबर त्यांच्या परवानगीने एका वहीत लिहून ठेवा. मार्च ते जुलै या काळात महिन्यातून एक संध्याकाळ त्यांना आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकत्र बसवा. भाषण, सत्कार, हार काही नको. विद्यावेतन किती, वसतिगृह आहे का, मार्गदर्शक कसा मिळतो, कर्जाला बँक काय मागते, एवढंच बोलायचं. आणि आई-वडिलांना सोबत बोलवा, पण मागच्या रांगेत बसवा.

भाचीचे दोन-तीन फोन झाले आहेत. क्षेत्रकार्यासाठी गाव मागायचं तर ती औसा तालुक्यातलं मागणार आहे म्हणे. दादी अजून शेजाऱ्यांना सांगते, आम्ही पोरीला जर्मनीला पाठवलं नाही. भाची प्रत्येक वेळी फोनवरून दुरुस्त करते, "पाठवलं नाही असं नको म्हणू दादी. मी गेले नाही."